वैऱ्यांनी आणलेला जज

न्हावरे गावच्या सोजराबाईंचा आवाज असा, की त्यांनी गोठ्यातून म्हशीला हाक मारली तर एस.टी.ची वाट बघत उभी असलेली माणसं मागं वळून बघायची. भांडण काही त्या शोधत जायच्या नाहीत, पण दारात आलेल्या भांडणाला उपाशी परत पाठवायच्याही नाहीत. त्यांचे यजमान कोंडिबा तितकेच अबोल. घरात बोलायचं काम एकानं मन लावून केलं की दुसऱ्याला ते करावं लागत नाही, असा त्यांचा अनुभव.

नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. सोजराबाईंचं भांडण चाललं होतं जालिंदरशी. जालिंदर कोंडिबांचा धाकटा चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं सोजराबाईंचा दीरच. दोघांची रानं लागून. सोजराबाईंच्या म्हशी सासूबाईंच्या काळापासून जालिंदरच्या बांधाच्या कडेकडेनं ओढ्यावर पाण्याला जायच्या. एका वर्षी उसाची लागण करताना जालिंदरनं ती वाट नांगरून टाकली आणि तोंडाला बाभळीच्या काट्या लावल्या. सोजराबाईंनी काट्या उपटल्या. त्यानं दुसऱ्या लावल्या. त्याही उपटून सोजराबाईंनी त्यांच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. मग बोलाचाली झाली, भावकी जमली, भावकीनं समजूत घालता घालता आपापसांतली दोन जुनी भांडणं उकरून काढली, आणि शेवटी सोजराबाई म्हणाल्या, "आता कोर्टातच!"

शिरूरला तालुक्याच्या कोर्टात दावा लागला. रश्मी नावाची तरुण वकील त्यांनी केली. सोजराबाईंना फार आवडायची ती. "बाई बोलती कमी, पण लिवती असं की समोरच्याला घाम फुटावा," असं त्या गावभर सांगायच्या.

पहिल्या दोन-तीन तारखा बऱ्या गेल्या. मग जजसाहेबांना बढती मिळाली, ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले, आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. दुसऱ्या तालुक्यातले जज अधूनमधून येऊन जायचे, जामिनाची आणि तातडीची कामं उरकायचे. बाकीच्यांना शिपाई पुकारा करून तारीख सांगायचा. सोजराबाई इरकली लुगडं नेसून, डब्यात भाकरी बांधून पहिल्या एस.टी.नं यायच्या. जालिंदरही त्याच एस.टी.नं यायचा. त्या पुढच्या बाकावर, तो मागच्या. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाच्या एका बाजूला त्या भाकरी खायच्या, दुसऱ्या बाजूला तो. तारीख घेऊन दोघं त्याच एस.टी.नं परत. पुढं पुढं कंडक्टरही म्हणायला लागला, "झालं का कोर्ट? बसा."

एका तारखेला सोजराबाईंचा धीर सुटला. आज त्या भांडायच्या तयारीनंच आल्या होत्या. जालिंदरला भर कोर्टात काय काय सुनवायचं, ते म्हशींना सुनवून सुनवून पाठ केलं होतं. शिपायानं पुढची तारीख सांगितली तशा त्या रश्मीला म्हणाल्या, "ताई, हे पोटातलं आता किती दिवस पोटात ठिवायचं? जज कवा येणार?"

"जागा रिकामी आहे, मावशी. नुसती इथलीच नाही, राज्यात बऱ्याच ठिकाणच्या रिकाम्या आहेत. सरकार भरती करणार, मग हायकोर्ट नेमणुका काढणार. आमच्या वकील संघानं अर्ज पाठवलेत."

"आन् सरकारला कुणी टोचायचं?"

"लोकप्रतिनिधींनी. आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारायचा, न्याय खात्याच्या मंत्र्याला भेटायचं."

"आमदार व्हय?" सोजराबाईंचे डोळे लकाकले. "त्यो तर माझ्या दारात मत मागाया आलता! म्हशीच्या दुधाचा चहा पिऊन गेलाय. बशी चाटायची तेवढी ठिवली हुती."

दुसऱ्याच दिवशी त्या आमदारांच्या बंगल्यावर हजर. अंगणात ही गर्दी. कुणाला विजेचं रोहित्र पाहिजे, कुणाला बदली, कुणाला पाण्याची लाइन. सोजराबाईंचा नंबर आला. आमदार सवयीनं म्हणाले, "बोला मावशी, काय पायजे?"

"जज पायजे."

अंगणात हशा पिकला. आमदारांनाही हसू आवरेना. "जज माझ्याकडं कुठला? तुमची केस काय आहे ते सांगा. समोरच्या पार्टीला बोलावून घेतो, चहा पाजतो, मिटवून टाकू."

"तुम्ही अजिबात मिटवायचं न्हाई!" सोजराबाई कडाडल्या. "मला कोर्टात उभं राहून भांडायचं हाय. म्हशींसमोर बोलून बोलून माझा घसा बसलाय. तुम्ही फकस्त जज आणा."

"नेमणुका हायकोर्ट करतं, मावशी."

"पण परश्न तर तुम्ही इचारायचा ना? वकिलीणबाईनं सांगितलंय मला. इचारला का?"

आमदारांनी प्रश्न विचारलेला नव्हता. "बघतो," म्हणाले.

"बघा. मी बुधवारी परत येते."

ही बातमी न्हावऱ्यात पोचली ती वेगळंच रूप घेऊन. कुणीतरी पाराजवळ जालिंदरला म्हणालं, "आरं, वहिनी तुझी आमदाराकडनं स्वतःचा जज आणायलीया!" जालिंदरच्या हातातली तंबाखू खालीच पडली. स्वतःचा जज! म्हणजे दावा बुडालाच. रात्रभर त्यानं कूस बदलली आणि बुधवारी एम-एटी गाडीला किक मारून तोही आमदारांच्या अंगणात दाखल झाला. बघतो तर सोजराबाई आधीच बाकावर बसलेल्या.

"वहिनी! ह्यो अन्याव हाय! वळखीचा जज आणताय व्हय?"

"माझ्या वळखीचा?" सोजराबाई उठल्याच. "भाऊजी, माझ्या वळखीत एक कोतवाल हाय, त्योबी माझं ऐकत न्हाई! तुम्हीच आला असाल तुमचा कुणी मेव्हणा-पाव्हणा लावायला!"

आवाज ऐकून आमदार बाहेर आले. दोघांचं ऐकून घेतलं. मग जालिंदरला विचारलं, "तुम्हाला कसला जज पाहिजे?"

"हिच्या वळखीचा नसलेला."

"आणि मावशी, तुम्हाला?"

"ह्यांच्या वळखीचा नसलेला."

"अहो, मग मागणं एकच आहे की तुमचं!" आमदार कपाळाला हात लावून हसायला लागले, आणि त्यांच्यामागं अख्खं अंगण.

गोष्ट खरी होती. पण विश्वास कुठला? परतीच्या एस.टी.च्या थांब्यावर जालिंदर एम-एटी थांबवून जरा खाकरला. "वहिनी, आसं करू. इथनं फुडं कुणालाबी भेटायचं तर दोघांनी बरुबर जायचं. म्हंजी तुम्ही गुपचूप काय बोलला, ह्ये मला कळंल."

"आन् तुम्ही काय बोलला, ह्ये मला."

"व्हय. बसा मागं."

त्या संध्याकाळी दावा लढवणारे वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीवरून गावात शिरले तेव्हा पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. कोंडिबा गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी जालिंदरकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "मिटलं?" एवढंच विचारलं.

"मिटतंय कशाला!" सोजराबाई उतरता उतरता म्हणाल्या. "आत्ता कुठं जोर आलाय."

त्यानंतर आमदारांना चैन म्हणून राहिली नाही. लग्नात अक्षता टाकून वळले की मागं ही जोडी. दहाव्याला भाषण करून खाली बसले की शेजारी जालिंदर. एकदा तर दाढी करायला सलूनमध्ये बसले होते. तोंडाला साबण, गळ्यापाशी वस्तरा, बोलायची सोय नाही, आणि आरशात बघतात तर दारात सोजराबाई. "तुमचं चालू द्या साहेब, मी नुसती आठवण कराय आले." आमदारांनी डोळ्यांनीच 'बघतो' म्हटलं. खासदारांच्या कचेरीत एस.टी.डी. बूथवरून फोन लावायचं काम जालिंदरकडं होतं. पलीकडून "साहेब दिल्लीला आहेत" असं उत्तर आलं की सोजराबाई त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घ्यायच्या. "दिल्लीला हायत न्हवं? मग तिथंच सांगा त्यांला!" बूथवाला म्हणायचा, मावशी, तुमचा आवाज तारेबिगर पण पोचंल.

कोर्टाच्या आवारातली मंडळीही या नादाला लागली. ज्यांचे दावे पडून होते ते सगळे आपापल्या गावातून आमदारांना गाठायला लागले. रश्मीनं सगळ्यांना एकच गोष्ट बजावली होती: "आपल्या केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. जज मागायचा. आपला जज मागायचा नाही." सोजराबाईंनी हे इतकं मनावर घेतलं, की कुणी नुसतं "कशाची केस?" विचारलं तरी त्या तोंडावर पदर धरायच्या. त्यांच्या आयुष्यात असा प्रसंग तोवर आला नव्हता.

आणि मग खबर आली, की न्याय खात्याचे मंत्री वरवंडला एका शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला येणार आहेत. वरवंड दौंड तालुक्यात, पण मंत्री तर सगळ्यांचा. दोघं सकाळीच निघाले. भीमेचा पूल ओलांडला, केडगाव मागं टाकलं आणि चौफुल्याच्या अलीकडं एम-एटीचं मागचं चाक फुस्स करून बसलं. पंक्चरवाल्याच्या दुकानाला कुलूप. ऊन चढायला लागलं. सोजराबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि येईल त्या गाडीला हात करायला लागल्या. थांबला तो एक ट्रॅक्टर. मागच्या ट्रॉलीत लाल डगल्यातले बँडवाले, ढोल, ताशे आणि एक भलामोठा पितळी कर्णा.

"कुठं निघालाय, बाबा?"

"वरवंडला, मंत्र्याच्या कार्यक्रमाला."

"मग आम्हीबी तिकडंच!" एम-एटी ट्रॉलीत चढली, तिच्यामागं जालिंदर, आणि ढोलावर एक पाय ठेवून सोजराबाई.

वरवंडच्या मैदानावर ट्रॅक्टर शिरला तसे बँडवाले वाजवत वाजवतच उतरले. सोजराबाई आणि जालिंदर मध्ये सापडले. बाहेर पडायला वाटच नव्हती, तेव्हा दोघं बँडबरोबरच चालत मांडवात आले. संयोजक घामाघूम होऊन धावत आला. "कुठून आलात?"

"शिरूरकडनं," जालिंदर म्हणाला.

"शिरूरचे पाहुणे! अहो, केव्हाची वाट बघतोय! फेटा आणा रे, फेटा!" जालिंदर काही बोलायच्या आत त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला आणि दोघाजणांनी त्याला दंडाला धरून थेट स्टेजवर नेऊन बसवलं. शेजारची खुर्ची त्यांच्या आमदारांची. आमदारांनी मान वळवली, फेट्याखालचा चेहरा ओळखला आणि पाण्याचा ग्लास तोंडाशीच थांबला.

इकडं सोजराबाईंच्या हातात दुसऱ्याच कुणीतरी आरतीचं ताट दिलं. "मावशी, सिंधूबाईंचा पत्ता न्हाई अजून. मंत्रीसाहेब तर आले. ओवाळा तुम्हीच, लवकर!"

सोजराबाईंना हसू येत होतं, रडू येत होतं, काय येत होतं ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. पायऱ्या चढून त्या मंत्र्यांसमोर उभ्या राहिल्या. कुंकू लावलं. घाईत ते भुवईपर्यंत गेलं. ओवाळलं. मंत्र्यांनी रीतीप्रमाणं खिशातून नोट काढून ताटात टाकायला हात पुढं केला, आणि सोजराबाईंनी ताट मागं घेतलं.

"पैका नगं, साहेब. ओवाळणी घालायची तर आमच्या तालुक्याला जज घाला."

सूत्रसंचालकानं माईक जवळ धरलेला होता. तसा तो नसता तरी चाललं असतं. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचला. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या सुरू झाल्या आणि बँडवाल्यांना वाटलं सत्कार झाला, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. कर्णेवाल्यानं तर गालच फुगवले.

बँड थांबवायला बराच वेळ लागला. मंत्री भुवईवरचं कुंकू पुसत विचारायला लागले, "कसला जज? काय प्रकार आहे?" तसे आमदार घाईनं उठले. "साहेब, आमच्या कोर्टातली जागा रिकामी आहे. मी त्याचा पाठपुरावा करतोच आहे."

"करत्यात साहेब, खरं हाय," फेटा सावरत जालिंदर उठला. "आन् आम्ही दोघं त्यांचा करतोय."

मंत्र्यांना हसू फुटलं. "तुम्ही दोघं कोण?"

"मी वादी," सोजराबाई म्हणाल्या.

"आन् मी प्रतिवादी."

मंत्र्यांनी आधी एकीकडं, मग दुसऱ्याकडं बघितलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसले. हसून झाल्यावर मात्र त्यांनी स्वीय सहायकाला बोलावून कोर्टाची माहिती लिहून घ्यायला लावली. आमदारांना म्हणाले, "तुम्ही अधिवेशनात प्रश्न टाका. मला उत्तर द्यावंच लागेल." तेवढ्यात खऱ्या सिंधूबाई ताट घेऊन धापा टाकत आल्या. मंत्र्यांनी बिचाऱ्यांच्या हातून दुसऱ्यांदा ओवाळून घेतलं.

जेवण करून आणि गाडीचं पंक्चर काढून घेऊनच दोघं निघाले. सोजराबाईंनी मसालेभात दोनदा मागून घेतला. परत येताना भीमेच्या पुलावर जालिंदरला एकाएकी हसू यायला लागलं. गाडी डुगडुगायला लागली. मग सोजराबाईंनाही आवरेना. शेवटी गाडी बाजूला घेऊन दोघं कठड्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जालिंदरचा फेटा तसाच डोक्यावर होता.

हिवाळी अधिवेशनात आमदारांनी प्रश्न विचारला. उत्तर आलं, 'भरतीची कार्यवाही सुरू आहे.' रश्मीनं पेपरातली बातमी वाचून दाखवली.

"म्हंजी काय, ताई?"

"म्हणजे पुढची तारीख, मावशी."

पण या वेळची तारीख खोटी निघाली नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, कांदा निघाला. नव्या जजांची तुकडी पास होऊन बाहेर पडली, हायकोर्टानं नेमणुका काढल्या आणि रश्मीनं न्हावऱ्याच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला: सोमवारी जज येणार.

जालिंदरनं तेच बँडवाले ठरवायचं चालवलं होतं. सोजराबाईंनी झेंडूच्या हाराची ऑर्डर देऊनही टाकली. हे ऐकलं तशी रश्मी म्हणाली, "मावशी, जजना हार घालायचा नसतो! तुम्ही तर पक्षकार. त्यांच्याशी बोलायचंसुद्धा नाही. पुकारा झाला की उभं राहायचं, विचारलं तेवढंच सांगायचं."

"आसं कसं? आम्ही आणला की त्याला!"

"तुम्ही त्यांना आणलंत, हेसुद्धा सांगायचं नाही."

ही शिक्षा सोजराबाईंना वाटेच्या दाव्यापेक्षा जड गेली. सोमवारी कोर्टाचं आवार फुलून गेलं होतं. आतून दार उघडलं आणि काळ्या डगल्यातली एक सडपातळ तरुण मुलगी येऊन खुर्चीवर बसली. सगळे उभे राहिले. "अगं बाई, पोरगीच की!" सोजराबाईंच्या तोंडून जाणार तोच शेजारून जालिंदरनं त्यांचा पदर ओढला. आनंदानं त्यांचा चेहरा असा लाल झाला होता, की जजबाईंनी विचारलं, "आजी, बरं वाटत नाही का? बसा." सोजराबाई तोंडावर हात दाबून नुसती मान हलवत राहिल्या.

साक्षीचा दिवस उजाडला तेव्हा मात्र त्यांचं तोंड सुटलं. जालिंदरच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "ही वाट कधीपासून आहे, कशावरून सांगता?" त्यावर सासूबाई, त्यांच्या म्हशी, म्हशींची नावं, कुठल्या म्हशीनं कुठं बसकण मारली, सगळं आलं. जजबाई मधेच म्हणाल्या, "आजी, हळू बोला. शेजारच्या तालुक्याच्या कोर्टातून तक्रार येईल." जालिंदरही काही कमी नव्हता. वाट होती हे त्यानं कबूल केलं, पण बैलगाडीची नव्हती, हे सांगताना बांधाची रुंदी दाखवायला त्यानं दोन्ही हात पसरले आणि वकिलाचा चष्मा पाडला. दोघांनी मिळून वर्षानुवर्षांचं साठलेलं भांडण पोटभर भांडून घेतलं. बाहेर आल्यावर दोघांचेही चेहरे तालमीतून आल्यासारखे टवटवीत.

निकाल लागला. म्हशींची आणि माणसांची पायवाट सोजराबाईंची. ती जालिंदरनं मोकळी करून द्यायची. गाडीवाट नाही, बांधाचा बाकीचा भाग आणि त्यावरचा ऊस जालिंदरचा. सोजराबाईंकडं बैलगाडी नव्हतीच. त्यांनी आवाराबाहेर येताच पेढे वाटले. जालिंदरनं एक तोंडात टाकला. "वहिनी, हरलो मी."

"व्हय भाऊजी. आणखी एक घ्या."

त्यानं अपील करावं म्हणून भावकीतल्या दोघाचौघांनी बरंच डिवचलं. जालिंदर म्हणाला, "अपिलाला पुण्याला जावं लागंल. वहिनीला घिऊन जायचं, तर एवढं पेट्रोल कोण घालणार? आन् वहिनीबिगर कोर्टात मला करमायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच काट्या काढल्या. म्हशी निघाल्या. जालिंदर उसाच्या कडेला काठी घेऊन उभा होता. पहिल्याच म्हशीनं जाता जाता त्याच्या उसाच्या शेंड्याचं एक हिरवं वाढं लांबवलं.

"वहिनी! तोंड आवरा तिचं!"

"तिचं का माझं, भाऊजी?" सोजराबाई ओरडल्या आणि हसत सुटल्या. ते हसणं पार ओढ्यापलीकडं ऐकू गेलं. मागून दुधाची चरवी घेऊन येणारे कोंडिबाही, लोकांनी कधी पाहिलं नव्हतं असे, खांदे हलवत हसत होते.